कुलूपवालीला कुणीही फसवलं नव्हतं

ज्या बाईंबद्दल मी लिहिते आहे त्यांच्याबद्दल मी एकदा खोटं बोलले. मुद्दाम नव्हे. पण मुद्दाम नव्हतं म्हणून खोट्याचं खरं होत नाही, तेव्हा ते आधीच सांगून टाकते.

मी वाचनालयाच्या काउंटरवर बसते, एकोणीस वर्षं झाली. काउंटरच्या मागे एक दार आहे आणि दाराआड बांधणीची खोली. लांब टेबल, खिडकीखाली लोखंडी दाबयंत्र, भिंतीवर लहान-मोठ्या क्रमाने अडकवलेल्या दाभणी आणि कोपऱ्यात शेगडीवर खळीचं पातेलं. त्या पातेल्यावरूनच बाईंना सगळे खळताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. नावात खळ असली तरी स्वभावात खळखळ मुळीच नव्हती. पाठ मोडलेलं पुस्तक हातात दिलं की 'कधी हवंय?' एवढंच विचारत आणि सांगितलेल्या दिवशी ते परत देत. पान दुमडणाऱ्या वाचकाला मात्र सोडत नसत. "पानांचे कान पिळू नका हो. तुमचे स्वतःचे आहेत की दोन, ते पिळा," असं भर काउंटरवर ऐकवत.

शिवायला आलेलं प्रत्येक पुस्तक त्या आधी वाचत. मी एकदा म्हटलं, "ताई, सगळं कशाला वाचता? शिवायचं तर आहे." तर म्हणाल्या, "पेशंटचं नाव न विचारता टाके घालतात का कुणी?"

हे सगळं घडलं तेव्हा वय त्रेपन्न. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. सायकलवरून कामाला येत. रविवारी धाकट्या भावाकडे जाऊन भाच्यांबरोबर पत्ते खेळत आणि हरल्या की दोन-दोन दिवस रुसत. मैत्रिणी होत्या, त्यांच्याबरोबर वर्षातून एकदा कुठेतरी डोंगर चढायला जात आणि गुडघ्यांना शिव्या देत परत येत. लग्न केलेलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं. पण गावात ते सहज नव्हतं. खळताईंचं नाव निघालं की दुसरं वाक्य तेच असे आणि तिसरं वाक्य, 'का बरं?'

मीही विचारलं होतं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. दुपारी वाचनालय बंद असताना आम्ही दोघी खळीच्या वासात चहा पीत बसायचो. त्या म्हणाल्या, "पंचविसाव्या वर्षी ठरलं होतं. माणूस चांगला होता. मीच नाही म्हटलं."

"का?"

"नको होतं."

"तो नको होता?"

"लग्न नको होतं. तो, दुसरा, तिसरा, कुणीच नको होता. माझं मन तिकडे कधी गेलंच नाही." आणि कप विसळायला उठल्या.

मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. असं कुठे असतं का? काहीतरी घडलं असणार. त्या माणसाचं दुसरीकडे काही असणार, नाहीतर तो काहीतरी वावगं वागला असणार, आणि ताई झाकून ठेवतायत. माझ्या मनाने रिकाम्या वेळात ती गोष्ट पूर्ण करून टाकली. पुढे इतक्या वेळा मनात घोळवली की ती ताईंनीच सांगितली होती असं मला वाटू लागलं.

आता कुलूपवालीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरून झालं.

कुलूपवाली ही एका कादंबरीमालेतली नायिका. चौतीस पुस्तकं आहेत, लेखिका वारल्या त्याला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे सगळी चौतीस आहेत आणि त्यातलं एकही मूळ पुठ्ठ्यात नाही, इतकी ती वाचली जातात. कुलूपवालीचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान असतं. कुणाची तिजोरी अडली, कुणाच्या कपाटाची किल्ली हरवली की ती जाते, कुलूप उघडते, आणि आत जे निघतं त्यावरून चोर नाहीतर खुनी शोधून काढते. फटकळ आहे, खादाड आहे, मांजरांना घाबरते. शेजारच्या घड्याळवाल्याबरोबर रविवारी जेवते. अकराव्या पुस्तकात घड्याळवाला तिला लग्नाचं विचारतो. ती म्हणते, "तुम्ही मला फार आवडता. पण ते मला नको आहे. कुणाकडूनच नको आहे." मग दोघं उरलेलं जेवण संपवतात आणि बाराव्या पुस्तकात पुन्हा रविवारी जेवतात. चौतीस पुस्तकांत तिच्या प्रेमाबद्दल एवढंच आहे.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा शनिवारच्या वाचक मंडळात ही माला चर्चेला घ्यायचं ठरलं. मंडळ चालवायचे एक निवृत्त प्राध्यापक. माणूस विद्वान, आवाज भारदस्त, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी 'म्हणजेच' म्हणून ते स्वतःच पूर्ण करायची सवय. तिसऱ्या शनिवारी त्यांनी विषय ठेवला: कुलूपवालीच्या आयुष्यात पुरुष का नाही?

वीसेक माणसं होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. एक डॉक्टर म्हणाले, "तिचं थायरॉईड तपासायला हवं होतं," आणि सगळे हसले. एक आजी म्हणाल्या, "लहानपणी काहीतरी वाईट झालं असेल हो बिचारीला." कॉलेजात शिकणारी एक मुलगी जरा चाचरत म्हणाली, "तिला बायका आवडत असतील. बाविसाव्या पुस्तकात ती शिंपीण तिच्याकडे राहायला येते ना? त्या काळी उघड लिहिता आलं नसेल." यावर दोन-तीन जणांनी खुर्चीत चुळबुळ केली. मग प्राध्यापकांनी घसा साफ केला.

"लेखिकेने सगळी कुलपं उघडली," ते म्हणाले, "एक सोडून. नायिकेच्या मनाचं. ते आपण उघडायचं आहे. माणसाच्या आयुष्यात जिथे रिकामी जागा दिसते ना, तिथे कधीतरी जखम झालेली असते."

खळताई तेवढ्यात दुरुस्त केलेल्या पुस्तकांची चळत घेऊन आत आल्या होत्या. कपाटाकडे जाता जाता थांबल्या.

"रिकामी जागा कुठे आहे?"

प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अं?"

"चौतीस पुस्तकं आहेत. तिचं काम आहे, माणसं आहेत, भांडणं आहेत, जेवणं तर पानापानावर आहेत. रिकामी जागा कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा. मी सगळी पानं शिवली आहेत, मला सापडली नाही."

"म्हणजेच तुम्हाला असं म्हणायचंय की..."

"मला जे म्हणायचंय ते मी म्हटलं. ती स्वतः सांगते, नको आहे. अकराव्या पुस्तकात, स्वच्छ अक्षरांत. तिचं कुणी ऐकतच नाही. एकाला तिचं रक्त तपासायचंय, एकीला तिचं बालपण उकरायचंय." मग त्या मुलीकडे वळल्या, आवाज जरा खाली आला. "तुझं खरं निघालं असतं तर मला आवडलं असतं गं. पण शिंपीण आठ दिवस राहते आणि नवव्या दिवशी ही तिला म्हणते, आता तू आपल्या घरी जा, मला माझं घर परत हवंय."

मुलगी हसली. प्राध्यापक हसले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही पुस्तकं बाहेरून सांभाळता, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. आतलं जरा आमच्यावर सोडा."

लोक हसले. मीही हसले. थोडंसंच, पण हसले.

ताईंनी चळत टेबलावर अशी आदळली की पाण्याचे पेले हलले. "पाण्यात न उतरणारा प्रत्येक माणूस बुडता बुडता वाचलेला नसतो," त्या म्हणाल्या. "काहींना पोहायचंच नसतं. तुम्हाला तिच्या अंगावर जखम हवी आहे, कारण जखम असली की तुम्हाला ती कळते. नसली की तुमची पंचाईत होते." आणि बांधणीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सभा संपल्यावर प्राध्यापक काउंटरवर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "या बाई एवढ्या का उसळल्या हो? काही आहे का मागे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विद्वान माणूस आपल्याला काही विचारतोय याची नाही म्हटलं तरी गंमत वाटते. मी म्हटलं, "त्यांचं एकदा लग्न ठरून मोडलं होतं."

"म्हणजेच त्याने फसवलं?"

आणि मी म्हटलं, "तसंच काहीतरी असणार."

एवढंच. तीन शब्द. त्यांनी मान हलवली, पुस्तकावर शिक्का मारून घेतला आणि गेले.

महिन्याभराने पन्नाशीची स्मरणिका छापून आली. चारशे प्रतींचे सुटे फॉर्म, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालून शिवायचे होते. ताई सवयीप्रमाणे घडी घालता घालता वाचत होत्या. दुपारची वेळ, वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. दार उघडलं आणि त्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्यापुढे एक पान ठेवलं, एकोणिसावं.

प्राध्यापकांचा लेख होता. त्यात होतं: 'ही केवळ कल्पित गोष्ट नव्हे. आपल्याच वाचनालयात पुस्तकांच्या जखमा शिवणारी एक स्त्री आहे. ऐन तारुण्यात नियोजित वराने केलेल्या विश्वासघातानंतर तिने मनाचं दार कायमचं बंद केलं. कुलूपवालीविषयी कुणी बोललं की ती आजही कळवळते. दुखऱ्या जागेवर बोट पडल्याखेरीज माणूस असा कळवळत नाही.'

"हे त्यांना कुणी सांगितलं?" ताईंनी विचारलं.

मला बोलायची गरजच पडली नाही, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तू."

"ताई, मी फसवलं असं म्हटलं नव्हतं. मी फक्त..."

"मी तुला काय सांगितलं होतं? शब्द आठव."

"मीच नाही म्हटलं."

"मग त्यात विश्वासघात कुठून आला?"

"मला वाटलं की..."

"हां. तुला वाटलं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सोळा वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायलीस आणि माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला नाहीस. आई गेली, तीही मरेपर्यंत म्हणत होती, कुणी काय केलं ते सांग. वहिनीने मला डॉक्टरकडे नेलं. सगळ्यांना उत्तर दिलं, खरं उत्तर, आणि सगळ्यांनी ते हातात धरून खाली बघितलं, की याच्याखाली काय आहे. तुला मी वेगळी समजत होते."

त्या पान उचलून थेट वाचनालयाच्या अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. प्राध्यापक तिथेच बसलेले.

"हे पान काढा," ताई म्हणाल्या.

अध्यक्ष गोड बोलणारा माणूस. "अहो ताई, कौतुकच केलंय की तुमचं. नावसुद्धा घेतलेलं नाही."

"या इमारतीत पुस्तकं शिवणारी दुसरी कोण आहे? तुम्ही शिवता?"

मी धीर करून म्हटलं, "सर, ते खोटं आहे. मी माझ्या मनाने सांगितलं. त्यांना कुणी फसवलेलं नाही."

प्राध्यापकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "समजू शकतो. आता त्या समोर आहेत, तुम्हाला असंच म्हणावं लागणार." मग ताईंना म्हणाले, "राग मानू नका, पण तुमचा हा रागच सगळं सांगून जातो."

मी ताईंना इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मानेची शीर ताठ झाली होती.

"वा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी ओरडले तर जखम दुखते. गप्प बसले तर जखम लपवते. हसले तर वरवरचं हसते. सर, मी काय केलं म्हणजे तुमचं चुकलं असं तुम्ही म्हणाल, ते एक सांगा. मी तेच करते."

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं.

"हे पान आहे तोवर मी या स्मरणिकेला दाभण लावणार नाही," ताई म्हणाल्या आणि निघाल्या.

अध्यक्षांनी फॉर्म बाहेर पाठवले आणि पिना मारून आणवले. समारंभ झाला, भाषणं झाली, दीडेकशे प्रती वाटल्या गेल्या. ताई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून एका शब्दकोशाला नवी पाठ लावत होत्या. टाळ्या वाजल्या की हातोडी जरा जोरात पडे.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा भाऊ आला. पन्नाशीचा माणूस, पण बहिणीसमोर आला की अजून शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. हातात स्मरणिका होती आणि डोळे भरलेले.

"ताई, इतकी वर्षं एकटीने सोसलंस. मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगायचं होतं?"

"तू काळजी करू नकोस. काल संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन मी त्याला चांगलं सुनावलंय. बायकोसमोर, गिऱ्हाइकांसमोर. अठ्ठावीस वर्षांनी का होईना."

ताईंच्या हातातला पुठ्ठा खाली पडला. "कुणाला सुनावलंस?"

कुणाला ते उघड होतं. ज्याच्याशी ठरलं होतं त्याला. दोन रस्ते पलीकडे त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. माझा चष्माही तिथलाच. शांत, हळू बोलणारा माणूस, लहान मुलांच्या नाकावर चष्मा बसवताना गुडघ्यावर बसतो. भावाने त्यांना चारचौघांत विश्वासघातकी म्हटलं होतं, गळपट्टी धरली होती, झटापटीत काउंटरवरचा आरसा फुटला होता.

"अरे गाढवा," ताई म्हणाल्या. आणि मग एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की वाचनकक्षातली माणसं उठून बघायला लागली: "त्याने काही केलं नव्हतं! कुणीच काही केलं नव्हतं! मी तुला तेव्हा सांगितलं, आईला सांगितलं, कितीदा सांगितलं!"

"पण इथे तर छापलंय..."

"मी तोंडाने सांगितलेलं खोटं आणि हे छापलेलं खरं?"

भावाचा चेहरा पडला. ताईंनी अंगावरचा एप्रन काढून टेबलावर फेकला. "चल. आत्ता." मग माझ्याकडे वळल्या. "तूही चल. तुझ्यापासून सुरुवात झाली."

मी शिपायाला काउंटर बघायला सांगितलं आणि निघाले. ताई पुढे, आम्ही दोघं मागे, मुख्याध्यापकांकडे नेलेल्या कारट्यांसारखे.

दुकानात ते, त्यांची बायको आणि मोठी मुलगी होती. फुटलेल्या आरशाची चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. आम्हाला बघताच मुलगी पुढे आली. "आता काय राहिलंय? पोलिसांना बोलावू?"

"बोलवायचं तर बोलव," ताई म्हणाल्या. "त्याआधी माझं ऐक. काल माझा भाऊ जे बोलला ते साफ खोटं आहे. तुझ्या बाबांनी मला फसवलं नाही, दुखावलं नाही, एक वाकडा शब्द बोलले नाहीत. लग्न मी मोडलं. मला लग्न नको होतं, कुणाशीच. ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. चिठ्ठी पाठवली आणि गप्प बसले. ती माझी चूक. बाकी सगळी या लोकांची."

भावाने हात जोडले. "माझं चुकलं," म्हणाला. मग मी बोलले, कसं काय घडलं ते सगळं, 'तसंच काहीतरी असणार' सकट. बोलताना मला त्यांच्या बायकोकडे बघवत नव्हतं. रात्रभर झोप लागलेली नसावी, डोळे सुजले होते. आपला नवरा नक्की कोण आहे असा प्रश्न तिला एका रात्रीसाठी का होईना पडला होता, आणि तो माझ्यामुळे.

चष्मेवाल्यांनी आरशाची चौकट भिंतीशी सरळ केली. मग ताईंना म्हणाले, "खरं सांगू? त्या चिठ्ठीनंतर वर्षभर मी आरशात बघायचो. माझ्यात काय कमी आहे, हे शोधत. लोकही विचारायचे, तुझ्यात काय खोट निघाली. माझ्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही, की काहीच नव्हतं."

"तुमच्यात काही कमी नव्हतं," ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "माझ्यातही नाही."

"आता कळलं," ते म्हणाले. "तेव्हा कळलं असतं तर वर्ष वाचलं असतं."

त्यांची बायको उठून आत गेली. क्षमा केली की नाही ते कळलं नाही. अजूनही माहीत नाही. मी चष्मा दुरुस्तीला आता दुसरीकडे जाते, तोंड दाखवायला लाज वाटते.

परतताना भाऊ हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? चिडू नकोस. तुला एकटं नाही वाटत?"

"वाटतं कधी कधी. तुला नाही वाटत? घरात चार माणसं आहेत तुझ्या."

तो रस्त्यावरचा एक खडा पायाने ढकलत चालला. "वाटतं," म्हणाला.

"मग झालं तर."

चष्मेवाल्यांनी वाचनालयाला पत्र लिहिलं. चारच ओळींचं, पण त्यात वकील हा शब्द होता, आणि जे खळताईंच्या रागाने झालं नाही ते त्या एका शब्दाने झालं. अध्यक्षांनी बांधणीच्या खोलीत येऊन माफी मागितली. उरलेल्या अडीचशे प्रतींतून ते पान काढायचं ठरलं. त्या जागी काय घालायचं, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "चौतीस पुस्तकांची यादी घाला. यादीत कुणाला जखम सापडत नाही."

मग त्यांनी एकेका प्रतीच्या पिना उपटल्या आणि सगळ्या दोऱ्याने शिवल्या. मी म्हटलं, मदत करते. त्या म्हणाल्या, "नको." वाटून झालेल्या दीडशे प्रती घरोघर तशाच आहेत, विश्वासघातासकट.

प्राध्यापकांनी माफी मागितली नाही. तपशिलात चूक झाली असेल, निष्कर्षात नाही, असं ते मंडळात म्हणाले. पण त्या शनिवारी कॉलेजातली ती मुलगी उठून उभी राहिली. "सर, तुम्ही पुराव्याशिवाय एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलंत. पुस्तकातल्या बाईचं तुम्ही काय करत असाल?" म्हणाली आणि मंडळातून निघून गेली. तिच्यामागे आणखी सहा जण गेले. आता ते सहा-सात जण बुधवारी बसतात, आणि कधीमधी ताई खळीचे हात पुसत त्यांच्यात जाऊन बसतात. त्या मुलीने त्यांना एकदा विचारलं, "मग कुलूपवालीला काय म्हणायचं? असं असण्याला काही नाव असतं ना?"

"असेल. तुला हवं तर तू वापर," ताई म्हणाल्या. "मी तिला कुलूपवाली म्हणते."

माझ्याशी त्या बोलतात. पुस्तक कधी द्यायचं, पुठ्ठा संपलाय, खिडकी लाव. दुपारचा चहा आता आपापला. दोन वर्षं झाली. मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "माफ केलं. पण माफ करणं वेगळं आणि पुन्हा काही सांगणं वेगळं. आता मी तुला काही सांगणार नाही." मला ते मान्य करावंच लागलं.

हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. यावेळी विचारलं. लिहून झाल्यावर कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. दोन दिवसांनी परत मिळाले. पेन्सिलीने सात ठिकाणी खोडलं होतं. जिथे जिथे मी त्यांच्या मनात काय आलं असेल ते लिहिलं होतं, नेमकं तिथे. ती सातही वाक्यं मी काढून टाकली आहेत.

शेवटी मी लिहिलं होतं की आता सगळं शांत झालं आहे आणि ताई समाधानी आहेत. त्यावर मोठी फुली होती.

"समाधानी मी आधीपासून होते," त्या दारातून म्हणाल्या. "आणि शांत झालेली नाही. अजून चिडलेलीच आहे. लिहायचं तर तेवढं लिही."